मात्रेच्या मागून येणाऱ्या बाई

कम्युनिटी हॉलच्या मागच्या पायऱ्यांवर बाईंनी मला विचारलं होतं, "तू माझ्यासाठी थांबलास का?"

मी म्हणालो, "नाही."

मी थांबलो होतो. एखाद्या ओळीला नव्हे, सबंध गाणंभर थांबत गेलो होतो, आणि त्यामुळेच ते गाणं भरल्या हॉलसमोर खाली बसलं होतं. तेव्हा खरं बोललो असतो तर बाईंनी मला जर्मनमध्ये चार शिव्या दिल्या असत्या, आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता पुन्हा सरावाला बोलावलं असतं. मी 'नाही' म्हणालो. सत्तरी ओलांडलेल्या आणि जन्मभर गात आलेल्या एका बाईला मी स्वतःच्याच तालाबद्दल शंका घ्यायला लावली. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. पण नुसती माझी चूक लिहिली तर बाई कोण होत्या ते कळायचं नाही, आणि त्या कळल्याशिवाय चूक केवढी होती तेही कळायचं नाही.

ही गोष्ट सौदी अरेबियातल्या जुबैलची. दोन हजारच्या दशकातली, सुट्टी गुरुवार-शुक्रवारी असायची तेव्हाची. मी एका कंत्राटदार कंपनीत इन्स्ट्रुमेंटेशनचं काम करायचो. आमचा कंपाउंड, म्हणजे परदेशी नोकरदारांची भिंतीआडची वसाहत, मिश्र होता. भारतीय, फिलिपिनो, ब्रिटिश, थोडे जर्मन. बाईंचे यजमान समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या प्रकल्पावर सल्लागार होते. पीएचडी असल्यामुळे सगळे त्यांना डॉक्टर म्हणत. ते बाईंपेक्षा बरेच लहान, उंच आणि अबोल होते.

आमची ओळख गणपतीत झाली. खिडक्या बंद करून, आवाज बेताचा ठेवून आमच्या व्हिलात आरती चालली होती. मी पेटीवर होतो. माझे वडील देवरुखकडचे, कीर्तनकारांना पेटीची साथ करायचे. ती पेटी मी कपड्यांत गुंडाळून जुबैलला नेली होती. आरती चालू असताना स्वयंपाकघराचं दार वाजलं. माझ्या बायकोनं, मेधानं, दार उघडलं तर टाचांचे लाल बूट घातलेल्या एक गोऱ्या म्हाताऱ्या बाई उभ्या. आवाज एक्झॉस्ट फॅनमधून बाहेर जात होता आणि त्या तो ऐकत आमच्या मागच्या अंगणात कधीपासून उभ्या होत्या. मेधानं खुणेनं सांगितल्यावर त्यांनी बूट काढले आणि आरती संपेपर्यंत ताठ उभ्या राहिल्या. मग मोदक खाल्ला, दुसरा मागून घेतला आणि पेटीपाशी येऊन भाता हातानं उघडमीट करून पाहिला.

"हा पियानो श्वास घेतो," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "उद्या चार वाजता माझ्याकडे ये. बूट घालून ये."

इंग्रजीत 'तू' आणि 'तुम्ही' एकच असतं, पण त्या मला 'तू'च म्हणत होत्या याबद्दल माझ्या मनात कधी शंका आली नाही. नाव विचारलं नाही. त्या दिवसापासून मी त्यांचा 'हेर हार्मोनियम', म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत हार्मोनियम, झालो.

बूट ही त्यांची अटच होती. घरात, गालिच्यावर, एकट्या असल्या तरी त्या बूट घालूनच गात. "चपला घालून भाजी आणतात," म्हणायच्या. सराव मात्र समोर कोणी माणूस ठेवून करत नसत. झोपायच्या खोलीतलं कपड्यांचं कपाट उघडायचं, हँगर दोन्ही बाजूंना सारायचे आणि त्या फटीत तोंड घालून गायचं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्यांच्या पाठीच्या खाली बूट आणि वर पांढऱ्या केसांचा अंबाडा एवढंच दिसलं, आणि डॉक्टरांच्या कोटांमधून गाणं येत होतं.

मी म्हटलं, "शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून का?"

"शेजाऱ्यांचं मला काय करायचंय? न्हाणीघरात गायलं की फरशा खोटी वाहवा करतात. कोट कधी वाहवा करत नाहीत. कोटांना आवडलं तर माणसांना आवडतं."

त्यांच्या इकाम्यावर, तिथल्या रहिवासाच्या कार्डावर, 'काम करण्यास परवानगी नाही' असा शेरा होता. नवऱ्यामागून आलेल्या सगळ्याच बायकांच्या कार्डावर असायचा. मेधा भारतातली बँकेची नोकरी सोडून आली होती, तिला तो शेरा बोचायचा. बाई मात्र ते कार्ड पर्समधून काढून पाहुण्यांना दाखवत. "बघा. आयुष्यभर मी विनवण्या केल्या की मला झोपू द्या, उद्या गाते. आता एका राजानं लेखी सुट्टी दिली आहे." आणि एवढं बोलून कपाटाकडे जात. एकही दिवस चुकला नाही. शमालचा वारा सुटून खिडकीबाहेर पिवळी धूळ भरलेली असो, ताप असो, चार वाजता कपाट उघडायचंच. बाजाराच्या बसनं गेल्या आणि नमाजासाठी दुकानांची शटरं खाली आली, तर इतर बायका बसमध्ये परत जाऊन कुरकुरत बसत. बाई अंगावरचा काळा अबाया सावरून बेकरीच्या पायरीवर ताठ बसत आणि आवाज न करता श्वासाचा व्यायाम करत. बेकरीवाला येमेनी म्हातारा शटर उघडताना त्यांना 'खलास?' विचारायचा, म्हणजे झालं का. त्या बोटांनी 'थोडं राहिलं' अशी खूण करायच्या आणि तो तेवढा वेळ खरोखर थांबायचा.

त्यांचं आयुष्य मी कधी सलग ऐकलं नाही. कॉफी गाळताना एक तुकडा, बूट पुसताना दुसरा. उत्तर जर्मनीतल्या एका बंदराच्या गावात त्या वाढल्या. लढाईच्या काळात परदेशी रेडिओ ऐकायला बंदी होती, आणि त्यांच्या थोरल्या भावाला स्विंगचं, म्हणजे नाचाच्या अमेरिकन जॅझचं, वेड होतं. तो रेडिओ रजईखाली घेऊन ऐकायचा. धाकट्या बहिणीला आत जागा नसायची. त्या बाहेरून रजईला कान लावून पडायच्या. "जाड रजईतून शब्द येत नाहीत, सूरही नीट येत नाहीत. फक्त खालचा बेस येतो. धुम धुम धुम धुम. म्हणून मला अजून गाण्यात आधी तोच ऐकू येतो." भाऊ लढाईतून परत आला नाही. हे त्यांनी बेसबद्दल बोलता बोलताच सांगितलं आणि पुढे गेल्या.

लढाई संपल्यावर अमेरिकन सैनिकांच्या क्लबमध्ये वय वाढवून सांगून त्या गायला लागल्या. गाणी इंग्रजी, आणि अर्थ एका शब्दाचा माहीत नाही. बिदागी साबण आणि कॉफी. "एकानं विचारलं, पोरी, या ओळीचा अर्थ तुला कळतो का? मी म्हटलं, तुला कळतो ना? मग भागलं." पुढे नाचाच्या ऑर्केस्ट्रांबरोबर गावोगाव फिरल्या, रेडिओवर गायल्या, दोन रेकॉर्डी निघाल्या. आणि मग कॅबरे.

हा शब्द मी एकदा आमच्या कर्णिकसाहेबांसमोर उच्चारला. कर्णिकसाहेब ठाण्याचे, मोठ्या कंपनीत फायनान्सला. मराठी मंडळाचे सेक्रेटरी तेच, आणि कंपाउंडच्या करमणूक समितीवर मराठी माणूस म्हणून तेच.

"कॅबरे?" त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "अरे बाबा, या वयात? आणि इथे? आपल्या सगळ्यांना एकाच विमानात बसवून परत पाठवतील."

"तसलं नाही हो साहेब. हिंदी सिनेमातलं नव्हे."

"मग कुठल्या सिनेमातलं?"

मी बाईंकडून शिकलेलं सांगितलं. लहानसं तळघर, टेबलं, एक पियानो, एक बाई. गाण्यात टिंगल. महापौरांची, नवऱ्यांची, पाद्र्यांची, स्वतःची. कर्णिकसाहेबांनी ऐकून घेतलं आणि हॉलमधल्या थंडीतल्या कार्यक्रमाच्या पत्रिकेत बाईंच्या नावापुढे 'जर्मन लाइट म्युझिक' असं छापलं.

बाईंची एक गोष्ट मी कधी विसरणार नाही. गावच्या महापौरानं नवा पूल बांधला होता आणि तो वाकडा झाला होता. त्यावर बाईंचं गाणं होतं. एका रात्री महापौर स्वतः पहिल्या टेबलावर. गाणं सुरू झाल्यावर तो रागानं उठला आणि दाराकडे निघाला. बाईंनी ओळीचा शेवटचा शब्द अडवून धरला. पियानोवाला वाजवत राहिला. धुम धुम धुम धुम. महापौर टेबलांमधून वाट काढत चालला आहे, सगळं तळघर श्वास रोखून बघतं आहे, शब्द येत नाही. त्यानं दाराच्या मुठीला हात घातला आणि बाईंनी शब्द सोडला. लोक हसून टेबलांवर पडले. महापौर मुठीवर हात ठेवून उभा राहिला आणि मग तोही हसायला लागला.

"यात कोणाची करामत होती?" बाईंनी मला विचारलं.

"तुमची."

"मूर्ख आहेस. पियानोवाल्याची. तो थांबला असता तर मी उशिरा आलेली बाई झाले असते. तो थांबला नाही, म्हणून मी मला पाहिजे तिथे होते."

पुढे गिटार घेतलेली पोरं आली, स्विंग म्हणजे आईबापांचं संगीत झालं, आणि बाई डोंगरातल्या आरोग्यकेंद्रांमध्ये गुडघ्यांना शेक घेणाऱ्या लोकांसमोर गाऊ लागल्या. तिथेच डॉक्टर भेटले. "हा रोज यायचा आणि टाळ्या वाजवायचा नाही. मला राग यायचा. एकदा कार्यक्रम संपल्यावर बघते तर टाळ्या वाजवायला याचे हात मोकळेच नव्हते. मी स्टेजमागे काढून टाकलेले बूट हा घेऊन उभा होता. मग काय, लग्न केलं." डॉक्टर हे ऐकत वर्तमानपत्राआड बसलेले असायचे. ते एवढंच म्हणायचे, "बूट वाटेत पडले होते."

अशी ही दोघं. आणि त्यांच्या घरात, कंपनीच्या फर्निचरमध्ये, एक इलेक्ट्रिक कीबोर्ड. त्याच्यापुढे मी.

माझी अडचण पहिल्याच दिवशी बाईंच्या लक्षात आली. पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर असतो. कीबोर्डला भाता नाही. माझा डावा हात हवेत हलके हलके मागेपुढे होत राहायचा.

"तो हात काय करतो आहे?"

"काही नाही."

"कोणाला वारा घालतो आहेस? त्याला कामाला लाव. उजव्या हातानं काहीही कर, पण डाव्यानं चालायचं. एकेका मात्रेला एकेक पाऊल. थांबायचं नाही, धावायचं नाही."

महिनाभरात डावा हात चालायला लागला. मी एकटा वाजवत असलो की चालायचा. बाई गायला लागल्या की अडखळायचा. कारण बाई कधीच मात्रेवर येत नसत. ओळ सुरू व्हायची वेळ झाली की त्या नुसत्या उभ्या राहायच्या, जराशा हसायच्या आणि मात्रा पुढे गेल्यावर मागून निवांत यायच्या. आणि माझ्या रक्तात वडिलांची शिकवण होती. बुवा श्वास घेतील तिथे आपण थांबायचं, बुवा लांबवतील तिथे आपण लांबवायचं, गाणाऱ्याला कधी उघडं पाडायचं नाही. वडिलांच्या साथीची सगळे तारीफ करायचे ती यासाठीच. मी ती साथ या बाईंना करत होतो.

एक दिवस त्यांनी मला कंपाउंडच्या भिंतीकडेच्या चालायच्या वाटेवर नेलं. "चल. माझ्याबरोबर नको चालू. तुझ्या चालीनं चाल." मी निघालो. थोड्या वेळानं मागे बघितलं तर बाई बोगनवेलीपाशी थांबलेल्या. मी थांबलो.

"का थांबलास?"

"तुम्ही मागे राहिलात म्हणून."

"मी राहिले नाही. मी फुलं बघत होते. तू चालत राहा, मी येते."

पुन्हा निघालो. पुन्हा त्या मागे. मी न थांबायचं ठरवलं होतं, पण पाय आपोआप मंदावले. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला मागे टाकून कोणी चालत नाही. बाई भराभर येऊन मला गाठून पुढे गेल्या आणि वळून म्हणाल्या, "बघ. तू सभ्य माणूस आहेस. तेवढाच तुझा दोष आहे. पण मोठा आहे."

थंडीतला कार्यक्रम गुरुवारी संध्याकाळी होता. हॉल भरलेला. माझ्या कंपनीतले साहेब पुढच्या रांगेत, मंडळाचे सगळे एका टेबलाभोवती. बाईंनी निवडलेलं गाणं त्यांच्या जुन्या कॅबरेतलं होतं, इंग्रजीत त्यांनीच केलेलं. एक बाई नवऱ्याला 'पाव आणायला जाऊन येते' म्हणून घराबाहेर पडते, आणि दर कडव्यात आणखी दूरच्या गावाहून तेच कळवते. सरावात डॉक्टरसुद्धा वर्तमानपत्राआड हसायचे.

पहिल्या ओळीला बाई मागून आल्या. माझा डावा हात एक क्षण थबकला. एवढंच झालं. पण बाईंना मात्रेच्या मागे राहायचं होतं आणि मात्राच मागे आली होती, म्हणून त्या आणखी मागे गेल्या. मला वाटलं, अरे, या राहिल्या. मी आणखी थांबलो. दाराशी दोन सभ्य माणसं 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत अडकतात तसे आम्ही अडकलो. दुसऱ्या कडव्यापर्यंत ते गाणं भजन झालं होतं. हसायला आलेले लोक हसायचे थांबले. मागून कोणीतरी दयेनं टाळ्यांचा ठेका धरला. बाईंनी गाणं शेवटपर्यंत नेलं, मान झुकवली आणि सरळ चालत मागच्या दारानं बाहेर गेल्या.

पायऱ्यांवर मी गेलो तेव्हा त्या उभ्याच होत्या. स्पीकर सगळे लोकांकडे तोंड करून होते, त्यांना स्टेजवर नीट काही ऐकू आलं नव्हतं. त्यांनी तो प्रश्न विचारला. त्यात आरोप नव्हता. त्यांना खरंच माहिती हवी होती. माझ्या डोळ्यांसमोर माझे साहेब होते, मंडळाचं टेबल होतं. मी 'नाही' म्हणालो, आणि वर म्हणालो, "मी सरळ वाजवत होतो."

"बरं," त्या म्हणाल्या. "मग चुकले ती मी."

आत आलो तर कर्णिकसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! तू होतास म्हणून निभावलं. म्हातारीला अगदी हाताला धरून पैलतीरी नेलंस."

टेबलावरचे सगळे कौतुकानं बघत होते. परदेशात येऊन माझं असं कौतुक कधी झालं नव्हतं. मी म्हणालो, "हल्ली जरा मागे पडतात त्या. वय झालं."

हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी आपणहून बोललो.

मेधा माझ्या पुढे चालत घरी आली. दार लावल्यावर म्हणाली, "अहो, तुम्ही थांबत होतात."

"काहीतरी काय!"

"मी लहानपणापासून भजनं ऐकली आहेत. माझ्यापुढे नका सांगू. आणि टेबलावर काय बोललात तेही ऐकलं मी." पुढे तिनं तो विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

माझं वाक्य माझ्यापेक्षा भराभर चाललं. कर्णिकसाहेबांनी ते समितीत सांगितलं, बाईंच्या साथीदाराचंच मत म्हणून. वसंतातल्या पुढच्या कार्यक्रमात बाईंचं गाणं ठेवायचं नाही, त्यांच्या हस्ते मुलांना पुष्पगुच्छ द्यायचे, असं ठरलं. मग ते डॉक्टरांच्या कानावर गेलं. एके संध्याकाळी त्यांनी मला गेटपाशी गाठलं. "तुम्ही रोज तिच्याबरोबर असता. तुम्हाला काही जाणवतं का?" मी म्हणालो, "मला त्यातलं काही कळत नाही, डॉक्टर." त्यांनी मान हलवली. पुढच्या आठवड्यात ते बाईंना खोबर शहरातल्या दवाखान्यात स्मरणशक्तीच्या तपासणीला घेऊन गेले. करार वाढवायचा नाही, बाईंना घरी न्यायचं, असंही त्यांच्या मनात चालू झालं होतं.

बाईंनी मला दवाखान्याची हकीकत हसत सांगितली. "कोवळा डॉक्टर होता. म्हणाला, कागदावर घड्याळाचं चित्र काढा. मी काढलं. म्हणाला, काटे लावा. मी विचारलं, तुला कुठे हवेत?" मी हसलो. त्या हसायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, "काटे मी दोनदा खोडले. त्यानं ते लिहून घेतलं."

त्या दिवशी त्यांनी कपाट उघडलं, मी वाजवायला लागलो, आणि त्या मात्रेवर आल्या. बरोबर मात्रेवर. पुढची ओळही. पुढचीही. शाळेतली मुलगी पाढे म्हणते तशा, एकेका मात्रेला एकेक शब्द ठेवत. पावाचं ते गाणं त्या अशा गात होत्या की कुठेही चूक नव्हती आणि कुठेही बाई नव्हत्या. कपाटातून तोंड बाहेर काढून त्यांनी मला विचारलं, "आता बरोबर होतं?"

माझे दोन्ही हात थांबले.

"तुम्ही आधीच बरोबर होतात," मी म्हणालो. "हॉलमध्ये मी थांबलो होतो. पहिल्या ओळीपासून. मी तुमच्याशी खोटं बोललो."

त्यांनी कपाटाचं दार लावलं. मग जर्मनमध्ये एक शब्द बोलल्या, तो मला समजला नाही आणि समजायची गरजही नव्हती. मग इंग्रजीत, एकेक शब्द तोडत, म्हणाल्या, "त्यांनी मला घड्याळ काढायला लावलं. आणि मी घाबरत काढलं. मी! मी सैनिकांना घाबरले नाही."

"मला माफ करा, बाई."

"नाही. या खोलीत नाही. इथे कोट आहेत, त्यांना काही वाटत नाही. जिथे केलंस तिथे जाऊन बोल. आधी माझ्या नवऱ्याशी. ऊठ."

डॉक्टर बाहेरच्या खोलीत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, मिटला आणि हातात धरून बसले. "मी तिला दवाखान्यात नेलं," एवढंच म्हणाले. ते माझ्यावर चिडले नाहीत. त्यांनी स्वतःचाच हिशेब मांडला होता आणि तो माझ्यामुळे चुकला होता.

कर्णिकसाहेब मात्र ऐकेनात. "अरे, आता कोणाच्या लक्षात आहे?"

"त्यांच्या आहे, साहेब."

"पत्रिका छापून झाली. त्यांचे पुष्पगुच्छ आहेत त्यात."

"त्या पुष्पगुच्छ देणार नाहीत. त्या गाणार आहेत."

"हे कोणी ठरवलं?"

"त्यांनीच."

"आणि पुन्हा बुडालं तर?"

"तर मी बुडवलं असं तुम्ही सगळ्यांना सांगा. मीही सांगेन."

त्यांनी माझ्याकडे नवीनच माणूस बघावा तसं बघितलं आणि हो म्हणाले.

मग रोज संध्याकाळी आम्ही भिंतीकडेच्या वाटेवर. बाई मागे, मी पुढे. मागे बघायची बंदी. मानेला घाम यायचा. समोरून कर्णिकसाहेब फिरायला यायचे आणि ओरडायचे, "अरे, त्या म्हाताऱ्या बाईला टाकून कुठे पळतोस?" मागून बाई विचारायच्या, "काय म्हणतो तो?" मी चालता चालता सांगायचो, "मला असभ्य म्हणतो." "छान," त्या म्हणायच्या. "चाल."

ती दोघं त्यानंतर आणखी दोन वर्षं जुबैलला राहिली. करार वाढवला. पुढे जर्मनीला परतली, आणि तिथे बाई गेल्या. डॉक्टरांनी मला पुण्याला फोन करून कळवलं. शेवटच्या आठवड्यापर्यंत कपाट उघडत होत्या, म्हणाले. मी आता पन्नाशीच्या पुढे आहे. गणपतीत पेटी वाजवतो, आणि गाणाऱ्यांसाठी थांबतो. तिथे ते बरोबरच आहे.

वसंतातल्या त्या गुरुवारी बाई गायल्या. मी थांबलो नाही. दर कडव्याला त्या माझ्या मागून यायला आणखी उशीर करत गेल्या आणि दर कडव्याला लोक जास्त हसत गेले, इतके की शेवटचं कडवं कोणाला धड ऐकूच आलं नाही. पण ते नंतर. त्याआधी मी कीबोर्डपाशी न बसता माइक हातात घेतला. बाई माझ्या बाजूला उभ्या होत्या, समोर बघत. डॉक्टर पहिल्या रांगेत, माझे साहेबही.

मी इंग्रजीत म्हणालो की मागच्या वेळी मॅडमचं गाणं बिघडलं ते माझ्यामुळे. त्यांचा ताल चुकला नव्हता. मला वाजवायला जमलं नाही, त्यांनी विचारल्यावर मी खोटं बोललो, आणि तुमच्यापैकी अनेकांनी त्यांच्याबद्दल जे ऐकलं ते माझ्याच तोंडून निघालं होतं.

मग मी मंडळाच्या टेबलाकडे वळलो. तिथे मी मराठीत बोललो होतो, म्हणून मराठीतच म्हणालो, "कर्णिकसाहेब, त्यांचं वय झालं असं मी तुम्हाला सांगितलं होतं. ते मी परत घेतो. कमी मी पडलो आणि त्यांच्या वयाआड लपलो." कर्णिकसाहेबांनी मान खाली घातली. मेधा माझ्याकडेच बघत होती.

सगळ्यात शेवटी बाईंकडे वळलो. त्यांनीही तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. माझा आवाज कापत होता, पण मी तो सावरायला थांबलो नाही.

"बाई," मी म्हणालो, "माझी अब्रू वाचावी म्हणून मी तुमचा तुमच्यावरचा विश्वास काढून घेतला. तो तुमचा होता आणि तुम्ही बरोबर होतात. मला माफ करा."